डोरिसबाईंचा रविवारचा फोन

रूथ,

तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे. तुझ्या प्रार्थनासभा संपल्या, खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मांडलेल्या टेबल-खुर्च्या माणसं उचलून घेऊन गेली, आणि विजयदादा वर आले. चार्जरसकट फोन माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही बघा. मला जमणार नाही." तुझ्या सख्ख्या नवऱ्याला जे जमणार नाही ते मला जमेल, हे त्यांनी कशावरून ठरवलं कोण जाणे. मी फोन घेतला खरा, पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रविवारी सकाळी तो वाजतो. स्क्रीनवर तू देवनागरीत घालून ठेवलेलं नाव येतं, डोरिसबाई. तो वाजायचा थांबेपर्यंत मी ओट्यापाशी उगाच भांडी आपटत राहते.

तू गेलीस हे त्या बाईला माहीत नाही. अमेरिकेतल्या एका लहानशा गावात ती शनिवारी संध्याकाळी फोन लावून बसते, तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो, आणि इकडून कुणी उचलत नाही. तिला कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि मला तिच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, रूथ. तिच्या मुलाने आपल्या सलूला गोळी घातली.

'आपल्या' असं लिहिताना मी अजून अडखळते. जन्म तू दिलास. सलोमी हे नाव तू ठेवलंस, बाप्तिस्मा तुमच्या चर्चमध्ये झाला. पण तुझी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीची ड्यूटी, विजयदादा सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडच्या कारखान्यात गेले की दिवेलागणीला परत, आणि मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसा-पासवर या देशात आलेली, नोकरी नसलेली, पुण्याहून आणलेल्या दोन पदव्या कपाटात ठेवून दिवसभर चिडचिड करणारी बाई. शाळेची बस सलूला ब्लॉकखाली सोडायची आणि ती तुमच्या दारावरून पुढे येऊन माझं दार वाजवायची. तिचा वरणभात मी कालवला. कांजिण्या माझ्या घरात निघाल्या. ती 'मोठी' झाली तेव्हा तू कामावर होतीस आणि ती माझ्या बाथरूमच्या दारामागून ओरडत होती, "मंजूआई, डोन्ट टेल रोहन, हां!" चर्चमधून आल्यावर फ्रॉक न बदलता माझ्या रोहनला राखी बांधायची ती. तुला मम्मी म्हणायची, मला मंजूआई. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

पुढे मला बँकेत नोकरी लागली, रॅफल्स प्लेसला जाऊ-येऊ लागले, मुलं मोठी झाली. सलू शिकायला अमेरिकेला गेली. शिकता शिकता तिथल्या गावातल्या वाचनालयात मुलांच्या विभागात काम करायची. दर आठवड्याला मला फोटो पाठवायची, टोपी घातलेलं एक लाकडी अस्वल आणि त्याच्याभोवती मांडी ठोकून बसलेली पोरं. एके दुपारी एक तरुण मुलगा बंदूक घेऊन त्या वाचनालयात शिरला. का शिरला हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण सगळं झाल्यावर त्याने स्वतःवरही गोळी झाडली. तू आणि विजयदादा त्याच दिवशी विमानात बसलात. मी विमानतळावर तुझ्या बॅगेत स्वेटर कोंबत होते आणि तू म्हणालीस, "अगं, तिच्यासाठी पण एक टाक, तिला थंडी वाजत असेल."

तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्याआधी बातमी येऊन पोचली होती. रूथने त्या मुलाच्या आईला क्षमा केली. चर्चमधल्या कुणाला तरी तिकडच्या कुणीतरी फोन करून सांगितलं होतं. इकडे सलूसाठी प्रार्थनासभा ठेवली होती. पुढचा बाक कुटुंबाचा. दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, "फॅमिली?" मी काय म्हणावं ते ठरवेपर्यंत त्यांनीच समजूतदारपणे मला मागच्या रांगेकडे नेलं. त्यांची काय चूक, माझ्या कपाळावरच्या टिकलीवरून त्यांनी मला तिची कोण समजायचं?

त्याच सभेत तुमच्या पाळकांनी आमिश लोकांची गोष्ट सांगितली. मी तोवर त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. घोडागाडीतून फिरणारे, घरात वीज न घेणारे, शेती करणारे ख्रिस्ती लोक. सलूच्या गावापासून गाडीने तासाभरावरच त्यांची शेतं आहेत म्हणे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या एका खेड्यातल्या शाळेत असाच एक माणूस बंदूक घेऊन शिरला, लहान लहान मुलींना त्याने गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवलं. त्या दिवशीच आमिश लोक त्या माणसाच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला सांगून आले की आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही. पुढे त्याच्या दफनाला जाऊन उभे राहिले. "आपल्यातही आज अशी एक बहीण आहे," पाळक म्हणाले, आणि सगळं चर्च तुझ्याकडे वळलं. तू मान खाली घालून रुमालाची घडी उलगडत होतीस, पुन्हा घालत होतीस. लोकांना वाटलं, काय ही नम्रता. मला तुझा चेहरा वीस वर्षं माहीत आहे. तू चोरी पकडल्यासारखी दिसत होतीस.

आणि मी? मी मागच्या रांगेत रागाने हातातला प्रार्थनेचा कागद चुरगाळत होते. माझे डोळे अजून ओले व्हायचे होते आणि इकडे क्षमा करूनही झाली होती.

मराठी मंडळात तर काय बोलायलाच नको. कोजागरीला एक बाई मला दुधाचा पेला देता देता म्हणाल्या, "ख्रिश्चन लोकांना सोपं जातं हो, त्यांच्यात असतंच ते." जणू तुमच्याकडे क्षमा फ्रीजमध्ये तयार असते, काढायची आणि गरम करायची. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या नणंदेने दिवाळीला साडी दिली नाही म्हणून तुम्ही अजून तिच्याशी बोलत नाही, तुम्हाला काय अवघड जातं ते सांगा बघू." त्यानंतर मंडळाच्या कोजागरीचं निमंत्रण मला जरा उशिराच येतं. बरं झालं.

तू मला खरं सांगितलंस ते त्यानंतर, खाण्याच्या टपऱ्यांच्या आपल्या हॉकर सेंटरमधल्या त्या पंख्याखालच्या टेबलाशी. तू इथली दाट कॉफी, कोपी, घेतली होतीस आणि ती गार करून पीत होतीस, जी तुझी सवय मला कधीच बघवली नाही.

"मंजू, तुला एक सांगते. कुणापाशी बोलू नकोस."

"बोल."

"मी क्षमाबिमा काही केली नाही गं. मी जेवले फक्त."

मग तू सांगितलंस. तिकडच्या चर्चच्या बायकांनी तुमची एका घरात सोय केली होती आणि रोज कुणी ना कुणी खायचं घेऊन यायचं. तू दोन दिवस तोंडात काही घातलं नव्हतंस. दुपारी दार वाजलं. विजयदादा पोलिसांकडे गेलेले. दारात एक पिकल्या केसांची बाई, हातात चांदीच्या कागदाने झाकलेला ट्रे, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. तुला वाटलं, चर्चमधलीच कुणी. तू तिला हाताला धरून आत घेतलंस, खुर्चीवर बसवलंस. नगरकडे तुमच्यात काय नि आमच्यात काय, मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास खायला लावतात. कडू घास. तुझी आई म्हणायची, कडू घास परत करायचा नसतो, तो आणणारा सोयरा होतो. तर तू त्या बाईसमोर बसलीस, कागद काढलास, बटाटा आणि चीज असं काहीतरी भट्टीत भाजलेलं होतं, त्यातले दोन घास खाल्लेस. तिचे ओठ सुकलेले बघून तिला म्हणालीस, तुम्ही पण खा. आणि तेव्हा ती हुंदक्यांतून आपलं नाव म्हणाली. ते आडनाव दोन दिवस टीव्हीवर चाललं होतं.

"घास तोंडातच होता गं, मंजू."

"मग?"

"मग काय! गिळला. थुंकू का तिच्यापुढे?"

"आणि मग?"

"ती गेल्यावर सगळं उलटून पडलं. पण ते तिला दिसलं नाही ना."

मला हसू आलं. रूथ, देवाशपथ, एवढं मोठं दुःख समोर असताना मला फिस्सकन हसू आलं, आणि तुलाही. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा आपल्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मग सांग की पाळकांना, की मी काही आमिश नाही म्हणून." तू डोळे पुसत म्हणालीस, "कशाला? त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे. मी आमिश नाही, मी नगरची आहे." ते हसणं मला पुरलं असतं, तू तिथेच थांबली असतीस तर. चुकून खाल्लं, झालं, सोडून दे. पण तू परत आल्यावर तिच्याशी फोनवर बोलायला लागलीस.

दर रविवारी चर्चला जायच्या आधी. मी कधी तेव्हा तुमच्याकडे असले तर उठून बाल्कनीत जायचे. विजयदादा तर चप्पल घालून खालीच जायचे. बाल्कनीतूनही तुझा आवाज ऐकू यायचाच. काय बोलायचात तुम्ही? मला वाटायचं, रडत असाल, प्रार्थना करत असाल. एकदा कान देऊन ऐकलं तर तू तिला गुडघ्याचा व्यायाम सांगत होतीस. टाच दाबा, सोडा, टाच दाबा, सोडा.

तू फोन ठेवल्यावर मी आत येऊन फट्कन म्हटलं, "त्या बाईच्या पोराने आपली पोर मारली आणि तुला तिच्या गुडघ्याची काळजी?"

"गुडघ्याने काय केलंय?" तू शांतपणे विचारलंस.

असं तू मला किती वेळा गप्प केलंस. आणि दरवेळी घरी जाऊन मला उत्तर सुचायचं. आजही सुचतं. तू नाहीस तरी मी एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या तुझ्याशी भांडते, लोक बघतात, मी कानात इअरफोन आहे असं दाखवते.

एक भांडण मात्र तू हरली होतीस. ते आमिश लोकांवरूनच झालं होतं. त्यांनी ती शाळा पुढे पाडून टाकली, जमीन सपाट करून गवत वाढू दिलं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि मोठं घबाड सापडल्यासारखी तुझ्याकडे आले होते. "बघ! राग होताच ना त्यांनाही! मनात काही नव्हतं तर शाळा कशाला पाडली?" तू म्हणालीस, पोरांना रोज तीच भिंत दिसू नये म्हणून पाडली असेल. मला ते पटलं, पण पटलं असं मी थोडीच म्हणणार. मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, "बरं. त्या दिवशी जे गेले त्याच्या घरी, ते कोण होते? गावातले बाप्ये ना? त्या मुलींच्या आयांना विचारलं होतं का कुणी, की बायांनो, आम्ही तुमच्या वतीने सांगून येऊ का? का त्या तेव्हा हॉस्पिटलात होत्या आणि इकडे क्षमा होऊनही गेली?"

तू म्हणालीस, "हे मला माहीत नाही, मंजू. विचारायला हवं होतं." आणि उठून वाळत घातलेले कपडे आत घ्यायला लागलीस, अजून ओले होते तरी.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. आणि तू? तू मला विचारलं होतंस? तू फक्त तुझ्या मुलीच्या वतीने घास गिळलास की माझ्याही? पण तो मी विचारला नाही. पोर गेलेल्या आईला असा प्रश्न कोण विचारतं? आणि विचारणारी कोण, फॅमिली फ्रेंड. तो प्रश्न तसाच राहिला आणि त्याचं माझ्या आत काय काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याबरोबर मी बाजारात गेले, तुझ्या वाढदिवसाला पुरणपोळ्या केल्या, तू रडलीस तेव्हा धरलं. आणि या सगळ्यात एक कोपरा तुझ्यावर धुमसत होता. गेलेल्या माणसाशी खोटं बोलू नये म्हणून लिहिते.

तुला सोपं गेलं असं मी एक क्षणही मानलं नाही, तेवढं मात्र खरं. एकदा आपण एमआरटीत होतो आणि समोर एक उंच गोरा पोरगा येऊन उभा राहिला, टीव्हीवरच्या त्या मुलाच्या फोटोत होते तसेच केस, तशीच हुडी. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की नखं रुतली. बिशान स्टेशनला तो उतरला तेव्हा तू म्हणालीस, "आत्ता मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. त्या बिचाऱ्याचा. ज्याने काही केलं नाही त्याचा." मी म्हटलं, मग रविवारी कशी बोलणार आहेस? तू म्हणालीस, "प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज दे' आणि क्षमा शेजारीशेजारी आहेत बघ. कालची आज चालत नाही म्हणून असेल. रविवारचं रविवारी बघू." आणि त्या रविवारी तू तिच्याशी बोललीस. मी बाल्कनीत होते.

मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि तू इतरांच्या हाडांना हात लावून रोग ओळखणारी बाई स्वतःच्या बाबतीत मात्र 'गॅस आहे, गॅस आहे' करत राहिलीस. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. तुझ्याच हॉस्पिटलात तुला ठेवलं. तुझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी तुला उठवून बसवायच्या आणि तू त्यांना रागवायचीस, "पाठ वाकवू नको, गुडघे वाकव!" मला तू बजावलंस, डोरिसबाईंना काही कळवायचं नाही. "तिच्या घरी अजून एक मरण नको." शेवटच्या रविवारी तुझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. फोन आला, तू कानाला धरलास आणि नुसती ऐकत राहिलीस. मी सवयीने खोलीबाहेर गेले. आता वाटतं, थांबले असते तर काय बिघडलं असतं.

तू गेलीस तेव्हा दुपार होती, विजयदादा खाली कोपी आणायला गेले होते, आणि खोलीत मीच होते. तुझा हात माझ्या हातात होता. मला वाटत होतं तू बोलशील. शेवटी माणसं बोलतात म्हणे. मी वाट बघत बसले आणि तुझा श्वास थांबला, आणि मी अजून वाटच बघत होते.

व्हॉइड डेकमध्ये तुझी शवपेटी तीन दिवस ठेवली होती. तिन्ही संध्याकाळी गर्दी होती, चर्चची, हॉस्पिटलची, मंडळाची, आपल्या मजल्यावरची. समोरच्या फ्लॅटमधल्या मादाम तान इथल्या रिवाजाप्रमाणे शेंगदाण्यांच्या पुड्या सगळ्यांपुढे करत होत्या, आपलंच घर असल्यासारख्या. पाळकांनी पुन्हा आमिश लोकांची गोष्ट सांगितली आणि पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की अहो, ती ओकली होती त्यानंतर, तेही सांगा ना! ते सांगितलंत तर तिने काय केलं ते लोकांना कळेल तरी! पण तू कुणाला सांगू नकोस म्हणाली होतीस. आता लिहूनच टाकलं. रागव मला.

आणि मग फोन. दोन-तीन रविवार मी तो वाजू दिला. रोहन जेवायला आला होता, तो म्हणाला, "आई, दॅट लेडी मस्ट बी सो वरीड, लाह. जस्ट पिक अप."

"तू उचल."

"मी?" त्याने ताट बाजूला सरकवलं. "आय कान्ट. शी वॉज माय सिस्टर."

मग मला तरी ती कोण होती, असं मी त्याच्या अंगावर ओरडले. तो मराठीत म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय. तूच कर." आपली पोरं मराठीत बोलली की समजावं, आता ऐकायलाच हवं.

इथवर लिहून मी हे पत्र ठेवून दिलं होतं. काल रविवार होता. मी सकाळीच अंघोळ करून बसले. बँकेत वाईट बातमी द्यायची असली की आधी वाक्य लिहून काढायची मला सवय आहे, तसं मनात वाक्य तयार केलं. तुम्हाला कळवायला वाईट वाटतं की. एवढं सांगायचं आणि ठेवायचं. बाहेर कोकीळ नेहमीसारखा घसा फोडत होता. फोन वाजला आणि मी उचलला.

पलीकडून एक म्हातारा, घाबरलेला आवाज आला. "रूथ? रूथ, तू बरी आहेस ना?" ती इंग्रजीत बोलत होती, पण तुला मी मराठीतच सांगणार.

"मी मंजिरी," मी म्हटलं. पुढचं वाक्य विसरले.

"मंजिरी," ती म्हणाली. रूथ, तिने माझं नाव नीट घेतलं. या देशात इतकी वर्षं काढली, माझ्या साहेबाला ते अजून धड घेता येत नाही. तू तिला बसवून शिकवलं असणार.

"म्हणजे रूथ गेली," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तीच म्हणायची. माझ्या जिवात जीव आहे तोवर मंजिरी काही तुमच्याशी बोलायची नाही."

तुझा हा चावटपणा! मेल्यावरही मला तोंडघशी पाडलंस. मला हसू आलं आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. तीच बोलायला लागली, घाईघाईने, कुणी मध्येच फोन काढून घेईल अशी.

"मला एकच सांगू दे. पुन्हा आपलं बोलणं होईल न होईल. पहिल्या वर्षी मी रूथला विचारलं होतं, तू माझ्या मुलाला क्षमा केलीस का. ती म्हणाली, माझ्या वाटची रोज करते. पण सलोमीला दोन आया होत्या. दुसरीच्या वतीने मला बोलता येणार नाही. ती माझ्याहून जास्त वेळ तिच्यापाशी होती. तिला मी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका." ती श्वास घ्यायला थांबली. "मी विचारत नाहीये, मंजिरी. आजही विचारत नाही. तुम्ही आहात हे मला पहिल्यापासून माहीत होतं, एवढंच तुम्हाला कळावं असं वाटत होतं."

मी खाली बसले. स्वयंपाकघरातल्या फरशीवर, ओट्याला टेकून.

पुढच्या बाकावर कुणी बसवलं नाही मला. कुठल्या कागदावर माझं नाव आलं नाही. पाळकांना, मंडळाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा मी कोण होते ते कधी पुरतं कळलं नाही. आणि तू ते जगातल्या एका माणसाला स्पष्ट सांगून ठेवलं होतंस, नेमकं त्याच बाईला, जिच्याशी मी बोलत नव्हते. मी तुझ्यावर धुमसत होते, या बाईने परस्पर सगळं देऊन टाकलं म्हणून. तू माझ्या वाटचं कुणाला देऊन टाकलं नव्हतंस, रूथ. मग मला का नाही सांगितलंस? समोरासमोर? मला तुझा इतका राग आला आणि तू इतकी हवीशी वाटलीस, की मी तोंडावर पदर धरला. पदर कुठला, गाऊनची बाही.

माझा त्या मुलावरचा राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही, आणि जावा असं वाटतं की नाही तेही मला ठाऊक नाही. तुला खोटं सांगणार नाही.

पलीकडे ती रडत होती, आवाज होऊ नये म्हणून धडपडत. "माफ करा," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे रडायला नको होतं. तुम्ही उचललात हेच खूप झालं. मी ठेवते."

"नका ठेवू," मी म्हटलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी होते तिच्यापाशी, शेवटी. तिचा हात माझ्या हातात होता," मी म्हटलं. "तुम्हाला काय काय विचारायचं असेल ना. विचारा. मी इथेच बसले आहे, डोरिसबाई. विचारा."